कोंडवाड्यातला पहिला बैल

"बैल सुटला गं, बायडे!"

यसाक्कानं, माझ्या थोरल्या जावेनं, वरच्या बांधावरून हाक दिली. हाक अशी की समोरच्या डोंगरातल्या गुराख्यालाही ऐकू जावी. मी खालच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी होते. वळून पाहिलं तर कोशा बैल पायवाटेनं सावकाश उतरत होता. गळ्यात जुवाला बांधायची सापती, कासरा शिंगांना नीट गुंडाळलेला, शेवटचं टोकसुद्धा आत खोचलेलं, आणि उजव्या शिंगाला फडक्यात बांधलेली वांग्याची भाजी.

सुटलेला बैल असा नसतो. पण आमच्या करंजघळीत तो असाच असायचा.

"आला का मरायला," मी मोठ्यानं म्हणाले. असं म्हणायची रीत होती.

आमचे मालक औताजवळ तांबड्याला धरून उभे होते. तांबड्या आमचा बैल. जू अर्धं त्याच्या खांद्यावर आणि अर्धं रिकामं. त्यांनी कोशाकडे पाहिलं, बांधावरच्या भावजयीकडे पाहिलं नाही, आणि आभाळाला सांगितलं, "आलाच हाय तर जुपतो. मोकळा सोडला तर भाताच्या तरव्यात तोंड घालंल."

कोशा स्वतःच जुवाखाली येऊन उभा राहिला होता.

दुपारपर्यंत आमची चिखलणी चालायची. मग कोशा घरी जायला निघाला की आमचा तांबड्या त्याच्या मागोमाग 'सुटायचा'. तेव्हा हाक मी द्यायची, "अक्का, आमचं जनावर तुमच्याकडं आलंय का बघा!" आणि वरच्या खाचरात थोरले दीर बयाजी उतेकर, तेही आभाळाकडे तोंड करून, काहीतरी तसंच म्हणायचे आणि दोन्ही बैल जुपायचे.

एका बैलानं औत ओढवत नाही. सासरे वारल्यावर घरातली जोडी फुटली, एक बैल थोरल्यांकडे गेला, एक आमच्याकडे राहिला. आमच्या भागात अशा वेळी सावड करतात. तू माझ्यात ये, मी तुझ्यात येतो, माझा बैल घे, तुझा दे. पण सावड करायची तर आधी तोंड उघडून विचारावं लागतं. बयाजी आणि आमचे मालक गेनू उतेकर आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण उकिरड्यावरून झालं. माणसं सोन्यानाण्यावरून भांडतात, उतेकर शेणावरून भांडले. कुणाच्या गुरांचं शेण जास्त आणि खताचा कुठला ढीग कुणाचा, यावरून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अशी जुंपली की आठवड्यात घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंत मागच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. उकिरडा एकच राहिला. तो कुणाला हलवता आला नाही.

तर त्या सकाळी दोन्ही बैल जुपलेले, आणि रस्त्याला मोटारसायकल थांबली. कृषी खात्याचे भोईटे साहेब बूट हातात घेऊन बांधावर आले.

"गेनूराव, पेढे काढा. आदर्श शेतकरी कुटुंब म्हणून तुमची निवड झाली."

"कुणाची?" मालक म्हणाले.

"तुमची. उतेकर कुटुंबाची. यंदा कुटुंब शेतीचं वर्ष आहे. सगळ्या तालुक्यात शोधलं. जो तो वाटण्या करून बसलाय. एकत्र सातबारा असलेलं मोठं कुटुंब एकच सापडलं."

सातबारा एकत्र होता, ते खरं. वाटणीसाठी दोघा भावांनी तलाठ्यापुढे एका वेळी हजर राहायचं होतं, आणि ज्या दिवशी एक जाईल त्या दिवशी दुसरा जायचा नाही. भांडण इतकं पक्कं होतं की कागदावर आम्ही कधी वेगळे झालोच नाही.

"साहेब, आमच्यात भिंत हाय," मी म्हणाले.

"भिंत सातबाऱ्यावर दिसत नाही, वहिनी." भोईटे हसले. "येत्या शुक्रवारी पुण्याहून मॅडम येणार. धोरण ठरवतात त्या. सगळं कुटुंब एकत्र राबताना बघायचंय त्यांना. आवडलं तर पॉवर टिलर बक्षीस."

टिलरचं नाव निघालं आणि मालकांनी औत थांबवलं. वरच्या बांधाआड थोरल्यांचं डोकंही दिसलं. टिलर आला की दुसऱ्याच्या बैलाची गरज नाही. एकमेकांची गरज कायमची संपावी म्हणून दोघं भाऊ एका दिवसापुरते एक व्हायला तयार झाले.

बोलणी संध्याकाळी भिंतीतून झाली. अलीकडे मालक जेवायला बसलेले, पलीकडे थोरले. भिंत कुडाची, शिंकलं तरी ऐकू जायचं.

"यसू, तिकडं इचार, यंत्र कुणाच्या दारात उभं ऱ्हाणार."

"बायडे, यंत्र कुणाच्या दारात उभं ऱ्हाणार?" यसाक्कानं विचारलं.

"अवो, यंत्र कुणाच्या दारात उभं ऱ्हाणार?" मी समोर बसलेल्या मालकांना विचारलं.

"सांग त्यांना, उकिरड्याशेजारी. त्यो मधी हाय."

पलीकडे बराच वेळ भाकरी चावल्याचा आवाज आला. मग थोरले म्हणाले, "यसू, चालंल म्हणावं."

शुक्रवारी भोईटे साहेब सकाळीच आले. नियमात एक चूल बसत होती, म्हणून आमच्या चुलीवर कोंबड्यांचं डालगं उपडं टाकलं. मी पहाटे चहा केला होता ते सांगायची राहिले. मॅडम आल्या, घर बघायला लागल्या, तर डालग्यातून धूर.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"पारंपरिक पद्धत आहे मॅडम," भोईटे म्हणाले. "पावसाळ्यात पिल्लांना ऊब देतात."

मॅडमनी लिहून घेतलं. भिंतीबद्दल विचारलं तेव्हा ती धान्य साठवायची रचना निघाली. तेही लिहून घेतलं. बाई चांगल्या होत्या. माझ्याशी, यसाक्काशी हात जोडून बोलल्या, बियाणं कसं राखता ते विचारलं, चिखलात चप्पल काढून उतरल्या. जगातलं निम्म्याहून जास्त अन्न तुमच्यासारखी घरं पिकवतात, पण धोरणात तुमचं नाव कुठेच नसतं, ते मला घालायचंय, असं त्या म्हणाल्या. आमचं नाव कुठं घालायचं असतं ते मला तेव्हा कळलं नाही. पण मला त्या आवडल्या.

खाचरात दोन्ही भाऊ एका औताशी उभे राहिले. मालकांनी मागं औताचं रुमणं धरलं, थोरले बैलांच्या पुढे झाले. दोघांची तोंडं दोन दिशांना. पण बैल काय चालले! वळण आलं की कोशा थांबायचा, तांबड्या फिरायचा, मग कोशा निघायचा. हाक मारावी लागत नव्हती.

"किती जमलंय यांचं!" मॅडम म्हणाल्या. "रोज असेच एकत्र जुंपता ना? याला सावड म्हणतात ना इकडे?"

औत थांबलं.

यसाक्कानं माझं मनगट धरलं. 'होय' म्हणायचं म्हणजे आठ वर्षं एकमेकांच्या बैलावर पोट भरलं हे चारचौघांत कबूल करायचं. 'नाही' म्हणायचं म्हणजे उद्यापासून कोशा दावणीला आणि तांबड्या दावणीला. आमची निम्मी खाचरं अजून व्हायची होती, त्यांचीही. मागं तरवा वीतभर वर आला होता. लावणी हुकली तर दोन्ही घरांनी वर्षभर खायचं काय, हे बघायला कुठल्या मॅडम येणार नव्हत्या.

थोरल्यांनी टोपी काढून झटकली. "सावड-बिवड काय न्हाई," ते म्हणाले. "माझा बैल मोकाट सुटतो."

"म्हणजे?"

"सुटतो आणि हिकडं येतो."

मॅडम मालकांकडे वळल्या. "आणि तुमचा?"

"त्योबी सुटतो."

"रोज?"

"लावणीत रोज," मालक म्हणाले. "एरवी गुणी हायेत."

भोईटे साहेब मान खाली घालून बूट शोधायला लागले. मॅडमनी पेन उचललं. "मग तुम्ही त्यांना अडवून का ठेवत नाही?"

"अडवून ठिवायला गावात जागा कुठाय?" मालक म्हणाले.

मॅडमनी तेही लिहून घेतलं. यसाक्कानं माझं मनगट सोडलं, आणि आम्हाला वाटलं, निभावलं.

टिलर आला नाही. एक शाल आणि एक नारळ आला. नारळ फोडून दोन घरांत वाटता आला. शाल एकच, ती कुणी घ्यायची यावर भिंतीतून दोन दिवस बोलणी झाली आणि तिसऱ्या दिवशी दोघांनीही नको म्हणून सांगितलं. थंडीत आम्ही जावांनी ती कोशाच्या पाठीवर टाकली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गावाच्या वेशीवर दगड येऊन पडले. मग वाळू, मग लोखंडी फाटक. भोईटे साहेब उभे राहून बांधून घेत होते.

"साहेब, शाळेला खोली का?" मी विचारलं.

"कोंडवाडा, वहिनी. मॅडमच्या अहवालात आपलं गाव आलंय." त्यांनी पिशवीतून जाड पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. कुटुंब शेती हा शाश्वत अन्नव्यवस्थेचा कणा आहे, पण काही डोंगरी गावांत ऐन लावणीत मोकाट बैलांचा उपद्रव असून त्यांना अडवून ठेवण्यासाठी जागा नसल्याची तक्रार शेतकऱ्यांनी स्वतः केली आहे. वर आमच्या कोशाचा आणि तांबड्याचा फोटो.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पुढं नातीच्या पुस्तकांवरून शिकले आणि ते पानही मिळवून वाचलं. भोईट्यांनी एक अक्षर खोटं वाचलं नव्हतं.

"आमच्या गावात मोकाट जनावर हायेच कुठं?" मी म्हणाले.

"ते आता मला सांगू नका. वरून आलंय."

कोंडवाडा पुरा व्हायला लावणी उजाडली. आणि मग एका सकाळी यसाक्कानं हाक दिली, "बैल सुटला गं, बायडे!" मी वळून पाहिलं. पायवाट रिकामी. मालक अर्धं जू धरून उभे. थोडा वेळ झाला, आणखी झाला. पायवाटेनं बैल नाही, यसाक्काच धावत आली.

"कोशाला नेला गं. वेशीत पंचायतीच्या शिपायानं धरला."

ज्यांनी आठ वर्षं, आता नववं लागलेलं, बैलाची वाट पाहतोय असं कधी दाखवलंही नव्हतं, ते आमचे मालक जू तिथंच टाकून वेशीकडे निघाले. मी आणि यसाक्का मागोमाग.

कोंडवाड्याच्या फाटकाला झेंडूची माळ होती. वर पाटी होती. आत कोशा उभा, त्याच्याही गळ्यात माळ घातलेली, तिचं एक टोक तो खात होता. भोईटे साहेब इस्त्रीच्या शर्टात. शिपाई बाजूला तोंड पुसत उभा होता.

"भाजी चांगली झाली हुती, वहिनी," तो यसाक्काला म्हणाला. "मीठ जरा कमी."

"माझा बैल सोड," यसाक्का म्हणाली.

"वहिनी, ऐका," भोईटे म्हणाले. "दुपारी सभापती उद्घाटनाला येतायत. कोंडवाडा रिकामा कसा दाखवायचा? सकाळपासून गावभर फिरलो, एक मोकाट जनावर मिळेना. हाच तेवढा मिळाला."

"मग फोटो काढा आणि सोडा."

"तसं नाही होत. फोटो म्हणजे नोंद. मोकाट म्हणून नोंद झाली की आठवडाभर इथंच. नियम आहे."

आठवड्यात रोपं जून होऊन कांड्यावर गेली असती. कांड्यावर गेलेलं रोप लावलं काय आणि गुरांना टाकलं काय. पाऊसही उघडीप देत चालला होता, खाचरातलं पाणी उतरत होतं. दुसऱ्या कुणाचा बैल मागावा तर लावणीत रिकामा बैल कुणाच्या दावणीला नसतो.

तेवढ्यात थोरले आले. चिखलाचे पाय, डोक्याला टोपी. ते फाटकाच्या एका बाजूला उभे राहिले, दुसऱ्या बाजूला आमचे मालक. मध्ये लोखंडी गज आणि गजांच्या पलीकडे माळ खाणारा कोशा. लावणी सोडून माणसं बांधांवरून खाली यायला लागली होती. असं बघायला रोज मिळत नाही.

"साहेब, बैल मोकाट न्हाई," थोरले म्हणाले.

भोईट्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "बयाजीराव, हे बघा. तुमचंच वाक्य आहे. मॅडमसमोर तुम्हीच सांगितलंत, मोकाट सुटतो म्हणून. छापून आलंय. दिल्लीला गेलंय हे."

"गेलं असंल."

"मग आता मोकाट नाही कसा? सकाळी सकाळी काय फिरायला निघाला होता?"

माणसं हसली. थोरल्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मला वाटलं, हा माणूस आता बैल इथं ठेवून घरी जाईल. दोन्ही घरांची भाताची शेतं पडीक राहतील, पण तोंड उघडायचा नाही. यसाक्कालाही तसंच वाटत असणार. ती गजांना धरून उभी होती.

"कामाला निघाला हुता," थोरले म्हणाले.

"कुणाच्या?"

थोरल्यांनी हनुवटीनं दाखवलं. "त्याच्या."

"त्याच्या म्हणजे? मला लिहावं लागतं. नाव सांगा."

कोशानं माळेतलं फूल खाली टाकलं.

"गेन्याच्या," थोरले म्हणाले. "गेनू उतेकराच्या. धाकट्या भावाच्या माझ्या. म्या पाठवला सावडीला. दर साली पाठवतो. न्हाई तर काय, बैल सोता कासरा गुंडाळतो शिंगाला? कासरा मीच गुंडाळतो."

मी यसाक्काकडे पाहिलं. इतकी वर्षं तो कासरा बघून मी मनात म्हणायची, अक्काचं काम किती नेटकं, टोकसुद्धा आत खोचते.

"भाजी तेवढी माझी," यसाक्का हळूच म्हणाली. "मी दावं सोडायला गेले की ह्याच्या शिंगाला कासरा असायचाच. मला वाटायचं, रातीचा राहिला."

सगळी माणसं आता आमच्या मालकांकडे बघायला लागली. ते गजाला हात लावून उभे होते. मला भीती वाटत होती की तोंड उघडलं तर उकिरड्याचंच निघेल.

"दादा," ते म्हणाले, "मग चल की. खाचरातलं पाणी उतराय लागलंय."

थोरल्यांनी फाटकाची कडी काढली. शिपायानं अडवलं नाही. भोईटे तेवढे मध्ये आले.

"अहो, पण फोटोचं काय? सभापती येतायत."

"साहेब, तुमी ऱ्हावा की आत," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "तुमी गावात सगळ्यात जास्त फिरता."

पुढं तालुक्याच्या पेपरात फोटो आला. सभापती फीत कापतायत आणि गजांच्या मागे इस्त्रीच्या शर्टात भोईटे साहेब. हातात अर्धी खाल्लेली माळ.

त्या दिवशी वेशीतून खाचरापर्यंत दोघं भाऊ वाटेच्या दोन कडांनी गेले. मध्ये कोशा चालत होता. जुवापाशी गेल्यावर थोरल्यांनी सापती आवळली, मालकांनी रुमणं धरलं, आणि काम सुरू झालं. यसाक्का माझ्याशेजारी रोपांची मूठ सोडत म्हणाली, "बायडे, आता उद्या सकाळी मी काय म्हणून हाक मारू गं?"

मी पुढची मूठ उचलली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी वरच्या बांधावर आली. सवयीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पायवाटेनं कोशा उतरत होता. शिंगाला फडकं होतं, नेहमीपेक्षा मोठं, दोघांची भाकरी मावेल एवढं. कासरा मात्र शिंगाला नव्हता. तो थोरल्यांच्या हातात होता. कोशाला वाट पाठ होती, आणि थोरले त्याच्या मागं मागं येत होते.